अँटिबायोटिक कधी थांबवायचं? आयसीयूतल्या न्यूमोनियाचा धडा



"डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करा, मध्येच गोळ्या सोडू नका." हे वाक्य आपण वर्गातही सांगतो आणि घरीही. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला 'ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची' हा पाठ शिकवताना प्रतिजैविकांचा विषय निघाला की ते हमखास येतं.

आता एक प्रसंग कल्पना करून बघा. घरातले आजोबा न्यूमोनियाने आयसीयूत आहेत. सातव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "आजपासून अँटिबायोटिक बंद करतोय." आजोबांना अजून थोडा ऑक्सिजन लागतोय, एक्स-रेमध्ये डागही दिसतोय. बाहेर बसलेल्या माणसाच्या मनात काय येईल? अजून पुरते बरे झाले नाहीत, मग औषध बंद का? पैशांचा काही प्रश्न आहे का? की डॉक्टरांनी हात टेकले?

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. औषध वेळेवर सुरू करणं हा जसा उपचार आहे, तसंच ते वेळेवर थांबवणं हाही उपचारच आहे. हा निर्णय कसा घेतात, त्यामागे कोणते प्रयोग आहेत आणि आपण मुलांना नेमकं काय सांगायचं, हे आज समजून घेऊया.

आयसीयूतला न्यूमोनिया वेगळा का?

आपल्या फुप्फुसांत वायुकोश नावाचे लहान लहान फुगे असतात. तिथे ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. जंतुसंसर्गामुळे या फुग्यांत हवेऐवजी पू आणि पाणी भरलं की त्याला न्यूमोनिया म्हणतात. जिवाणू, विषाणू, क्वचित बुरशी, यांपैकी कशामुळेही तो होऊ शकतो. अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक फक्त जिवाणूंवर चालतं, हे आपण शिकवतोच.

काही रुग्ण घरूनच न्यूमोनिया घेऊन येतात. काहींना दुसऱ्याच कारणासाठी, म्हणजे अपघात, मेंदूतला रक्तस्राव किंवा मोठी शस्त्रक्रिया यासाठी भरती केलेलं असतं आणि न्यूमोनिया रुग्णालयात होतो. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला हा धोका जास्त. कारण सोपं आहे. निरोगी माणूस खोकतो, कफ बाहेर टाकतो, श्वासनलिकेतले बारीक केस घाण वर ढकलत राहतात. घशातून नळी घातली की ही सगळी पहारेकरी मंडळी निकामी होतात. तोंडातले जंतू नळीच्या कडेने झिरपत खाली फुप्फुसात पोहोचतात. व्हेंटिलेटर लावून ४८ तास उलटल्यानंतर झालेल्या अशा न्यूमोनियाला 'व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया' म्हणतात.

यातले जिवाणूही वेगळे. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास ही नावं आयसीयूत रोज ऐकू येतात. अनेक औषधं पचवून बसलेले हे जंतू आहेत. म्हणूनच इथे अँटिबायोटिक जपून वापरावं लागतं.

आधी अंदाज, मग नेम

गंभीर रुग्णात न्यूमोनियाची शंका आली की डॉक्टर वाट बघत नाहीत. श्वासनलिकेतला स्राव आणि रक्त तपासणीला पाठवतात आणि लगेच व्यापक परिणामाचं अँटिबायोटिक सुरू करतात. त्या वेळी नेमका जंतू कोणता हे माहीत नसतं, त्यामुळे जाळं मोठं टाकावं लागतं. इथे उशीर महाग पडतो.

दोन-तीन दिवसांत कल्चरचा रिपोर्ट येतो. कोणता जंतू वाढला, कोणत्या औषधाने तो मरतो, हे त्यात असतं. इथे पहिला थांबा येतो. या टप्प्यावर तीन गोष्टी होऊ शकतात:

* जंतू सापडला आणि साध्या औषधाने मरतो. मग व्यापक औषध बंद करून नेमकं औषध देतात.
* जंतू सापडला, पण चालू औषध त्यावर चालत नाही. मग औषध बदलतात.
* काहीच वाढलं नाही आणि रुग्णाचं चित्रही न्यूमोनियाशी जुळत नाही. फुप्फुसात पाणी साचलं असेल, कफाने फुप्फुसाचा एखादा भाग आखडला असेल. एक्स-रेमध्ये हे सगळं बऱ्यापैकी सारखंच दिसतं. मग अँटिबायोटिक थांबवण्याचा विचार होतो.

तिसरी शक्यता नातेवाइकांना पचायला अवघड जाते. "आधी दिलं ते चुकलं का?" असं वाटतं. चुकलं नाही. पहिल्या दिवशी जी माहिती होती, तिच्यावर तो निर्णय बरोबर होता. तिसऱ्या दिवशी माहिती वाढली, म्हणून निर्णय बदलला.

सात दिवस, चौदा दिवस हे आकडे आले कुठून?

आपण कधी विचार केलाय का, की कोर्स नेहमी ५, ७, १०, १४ असाच का असतो? ६ किंवा ११ दिवसांचा का नसतो? जिवाणूंना काही आठवड्याचे वार कळत नाहीत.

ब्रॅड स्पेलबर्ग या अमेरिकी संसर्गरोगतज्ज्ञांनी २०१६ मध्ये यावर मिश्कील टिप्पणी केली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये रविवारच्या सुट्टीचा हुकूम काढला आणि सात दिवसांच्या आठवड्याला राजमान्यता दिली. त्याने चार दिवसांचा आठवडा केला असता, तर आपण न्यूमोनियाला चार आणि आठ दिवस औषध दिलं असतं, असा त्यांचा टोमणा. आपल्याकडेही 'सप्ताह' रुळलेला आहेच. सांगायचा मुद्दा एवढाच, की यातले कित्येक आकडे प्रयोगातून आलेले नव्हते, ते सवयीने आले होते.

अगदी सुरुवातीला तर औषध कधी थांबवायचं हे साठा ठरवायचा. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. तो सुधारायला लागला. पेनिसिलिन इतकं दुर्मीळ होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत होते. पाच दिवसांत साठा संपला, आजार उलटला आणि तो दगावला. त्याच्या बाबतीत औषध थांबलं ते लवकर, आणि नाइलाजाने. पुढे औषध मुबलक झालं आणि गाडी दुसऱ्या टोकाला गेली: जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित.

प्रयोग काय सांगतात?

फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनियाच्या ४०१ रुग्णांचे जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला ८ दिवस औषध, दुसऱ्याला १५ दिवस. २८ दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण ८ दिवसांच्या गटात १८.८ टक्के होतं, १५ दिवसांच्या गटात १७.२ टक्के. संसर्ग उलटण्याचं प्रमाण २८.९ आणि २६ टक्के.

मुलं लगेच विचारतील, "सर, आठ दिवसवाल्यांचे आकडे थोडे जास्तच आहेत की!" प्रश्न बरोबर आहे. नाणं शंभर वेळा उडवलं तर दर वेळी बरोबर पन्नास छापे पडत नाहीत. ४०० रुग्णांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. संशोधकांनी आधीच ठरवलं होतं, की योगायोगाची सूट धरूनही फरक १० टक्क्यांच्या आत राहायला हवा. तो राहिला. उलट फायदा असा, की ज्यांचा संसर्ग उलटला त्यांच्यात अनेक औषधांना दाद न देणारे जंतू सापडण्याचं प्रमाण १५ दिवसांच्या गटात ६२ टक्के होतं आणि ८ दिवसांच्या गटात ४२.१ टक्के.

एक अपवाद मात्र याच चाचणीने दाखवला. स्युडोमोनाससारख्या जंतूंमुळे न्यूमोनिया झालेल्यांत कमी दिवसांच्या गटात संसर्ग जास्त वेळा उलटला: ४०.६ टक्के, तर लांब कोर्समध्ये २५.४ टक्के. त्यामुळे अशा रुग्णांबाबत डॉक्टर अजूनही जास्त सावध असतात.

आपल्या दृष्टीने जास्त जवळची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरमधल्या ३९ आयसीयूंत ती झाली. आपल्यासारखंच हवामान, आपल्यासारखेच हट्टी जंतू. ४६० रुग्णांपैकी एका गटात दिवसांचा आकडा आधी ठरवलाच नाही. ताप ४८ तास उतरलेला आहे आणि रक्तदाब औषधांच्या टेकूशिवाय स्थिर आहे, असं दिसलं की जास्तीत जास्त सात दिवसांत औषध थांबवलं. दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे आठ किंवा त्याहून जास्त दिवस. ६० दिवसांत मृत्यू किंवा न्यूमोनिया उलटणं, हे दोन्ही मिळून पहिल्या गटात ४१ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात ४४ टक्के. औषधाचे दुष्परिणाम मात्र पहिल्या गटात ८ टक्के, दुसऱ्या गटात ३८ टक्के! त्यात मूत्रपिंडांना झालेली इजा प्रमुख होती.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी २०१६ मध्येच रुग्णालयात झालेल्या न्यूमोनियासाठी साधारण सात दिवस सुचवले होते. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये घरून आलेल्या न्यूमोनियासाठी पाच दिवस आणि रुग्णालयात झालेल्या न्यूमोनियासाठी आठ दिवस अशी शिफारस केली.

थांबवण्याआधी डॉक्टर काय पाहतात?

१. ताप: निदान दोन दिवस ताप नाही ना?
२. रक्तदाब: तो टिकवायला वेगळं औषध लागतंय का, की ते बंद झालंय?
३. श्वास: ऑक्सिजनची आणि व्हेंटिलेटरची गरज कमी होत चालली आहे का?
४. कफ: पिवळा-हिरवा घट्ट कफ कमी झाला का?
५. रक्तातल्या पांढऱ्या पेशी: वाढलेला आकडा उतरतोय का?
६. जंतू: कोणता होता, आणि दिलेलं औषध पहिल्या दिवसापासून त्याच्यावर चालणारं होतं का?

सहावा मुद्दा महत्त्वाचा आहे. दिवस मोजायचे ते योग्य औषध सुरू झाल्यापासून. पहिले तीन दिवस न चालणारं औषध दिलं गेलं असेल, तर ते हिशेबात धरत नाहीत.

एक्स-रे मात्र या यादीत खालच्या बाकावर बसतो. जंतू मेल्यावरही फुप्फुसातला राडा साफ व्हायला वेळ लागतो. घराला लागलेली आग विझली तरी भिंतीवरची काजळी काही दिवस राहतेच, तसं. वयस्क माणसात एक्स-रे पूर्ण स्वच्छ व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. काजळीवर पाणी मारत बसून उपयोग नसतो. थोडा ऑक्सिजन लागणं, अशक्तपणा, थोडा खोकला हेही असंच मागे रेंगाळतं. अँटिबायोटिकचं काम जंतू मारणं. डागडुजी शरीर स्वतः करतं, त्याला आहार, फिजिओथेरपी आणि वेळ लागतो.

प्रोकॅल्सिटोनिन: रक्तातला एक इशारा

अलीकडे नातेवाइकांच्या हातात येणाऱ्या रिपोर्टमध्ये 'प्रोकॅल्सिटोनिन' हा शब्द दिसतो. हे एक प्रथिन आहे. निरोगी माणसाच्या रक्तात ते अगदी नगण्य असतं. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की शरीरातल्या अनेक पेशी ते तयार करायला लागतात. संसर्ग आटोक्यात आला की ते साधारण दर २४ तासांनी निम्मं होत जातं.

इथे गणिताच्या तासाला छान उदाहरण मिळतं. सर्वोच्च आकडा १६ असेल तर पुढच्या दिवसांत ८, ४, २, १, ०.५ असा उतार दिसायला हवा. नेदरलँड्समध्ये दीड हजारांहून अधिक आयसीयू रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियम असा होता: आकडा सर्वोच्च पातळीपेक्षा ८० टक्क्यांनी खाली आला किंवा ०.५ पर्यंत उतरला, की अँटिबायोटिक थांबवण्याचा सल्ला द्यायचा. आपल्या उदाहरणात ८० टक्के घट म्हणजे ३.२ च्या खाली. ती तिसऱ्याच दिवशी, आकडा २ झाल्यावर दिसते. त्या चाचणीत औषधाचे मधले दिवस सातवरून पाचवर आले आणि मृत्यू वाढले नाहीत.

पण नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही. मोठी शस्त्रक्रिया, मोठी इजा, निकामी मूत्रपिंड यांतही हा आकडा वाढलेला राहू शकतो. चाचणीला पैसेही पडतात. म्हणून डॉक्टर तो रुग्णाच्या तब्येतीबरोबर वाचतात. प्रगतिपुस्तकातला एकच आकडा बघून आपण विद्यार्थी कसा आहे हे ठरवत नाही, तसंच हे.

जास्त दिवस दिलं तर बिघडतं काय?

"राहू द्या की चार दिवस जास्त, नुकसान काय?" हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. नुकसान तीन प्रकारचं असतं.

पहिलं, दुष्परिणाम. आयसीयूतली जबरी औषधं, उदाहरणार्थ कोलिस्टिन, मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतात. आजारी माणसाची मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात.

दुसरं, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जंतू फोफावू शकतो आणि गंभीर जुलाब होतात.

तिसरं, प्रतिरोध. हे शिकवताना शेतातलं उदाहरण चटकन कळतं. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की ज्या तणावर ते चालत नाही तेच शिल्लक राहतं आणि रान भरून टाकतं. बीटी कपाशीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांचं काय केलं, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. अँटिबायोटिक फुप्फुसातल्या जंतूबरोबर त्वचेवरच्या, तोंडातल्या, आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंवरही रोज फवारलं जातं. जितके दिवस फवारणी, तितकी प्रतिरोधी जिवाणूंना वाढायची संधी. डार्विनची नैसर्गिक निवड आयसीयूतल्या खाटेवरही चालूच असते. आणि हे जंतू हातांवरून शेजारच्या खाटेवर जातात. २०१९ या एका वर्षात जगभरात अंदाजे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिरोधी जिवाणूंमुळे झाले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

मग 'कोर्स पूर्ण करा' हे खोटं का?

खोटं नाही, पण अर्धवट आहे. १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच अपुरं पेनिसिलिन घेतात, त्यांच्यातले जंतू निबर होतात, ते बायकोला लागतात आणि ती न्यूमोनियाने दगावते. इशारा होता स्वतःच्या मनाने, अपुऱ्या मात्रेत औषध घेण्याबद्दल. 'औषध जितके जास्त दिवस तितकं बरं' असं फ्लेमिंग म्हणाले नव्हते. हळूहळू लोकांच्या मनात दोन्ही गोष्टींची गल्लत झाली.

काही आजारांत मात्र लांब कोर्स खरोखरच जिवाचा प्रश्न असतो:

* क्षयरोग: नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. मध्येच सोडला तर क्षयजंतू औषधांना दाद देईनासे होतात.
* स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा धरलेली मुलं: पेनिसिलिन गटाचं तोंडी औषध दहा दिवस देतात, कारण पुढे संधिवाती ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याचा धोका असतो.
* रक्तात पसरलेला स्टॅफिलोकोकस ऑरियस, हृदयाच्या झडपेचा किंवा हाडाचा संसर्ग.
* फुप्फुसात गळू किंवा छातीत पू: आधी पू काढावा लागतो, औषधही जास्त दिवस लागतं.
* प्रतिकारशक्ती फार कमी झालेले रुग्ण.

म्हणून मुलांना सांगायचं वाक्य थोडं बदलूया: "अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच सुरू करायचं, सांगितलेल्या मात्रेतच घ्यायचं आणि डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच थांबवायचं." बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी किंवा शेजारच्या काकूंनाही द्यायच्या नाहीत. औषधाच्या पाकिटावरची उभी लाल रेघ मुलांना जरूर दाखवा. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ.

नातेवाइकांनी विचारायचे प्रश्न

आयसीयूबाहेर आपण गोंधळलेले असतो. हे पाच प्रश्न कागदावर लिहून ठेवले तर बोलणं सोपं जातं:

१. डॉक्टर, कल्चरमध्ये कोणता जंतू निघाला? चालू औषध त्याच्यावर चालतं का?
२. आज अँटिबायोटिकचा कितवा दिवस आहे? किती दिवस द्यायचा विचार आहे?
३. थांबवताना तुम्ही कशावरून ठरवणार?
४. थांबवल्यानंतर तुम्ही कशाकडे लक्ष ठेवणार? पुन्हा ताप आला तर काय करणार?
५. अजून चालू ठेवायचं असेल तर त्याचं कारण काय?

चौथा प्रश्न नक्की विचारा. औषध थांबवलं म्हणजे रुग्णाला सोडून दिलं असं होत नाही. ताप, रक्तदाब, ऑक्सिजन यांवर नजर चालूच असते आणि गरज पडली तर पुन्हा तपासणी करून औषध सुरू करता येतं. "माझ्या बाबांना तरी चार दिवस जास्तच द्या" असा आग्रह मायेपोटी होतो, पण त्या दबावामुळे कधी कधी डॉक्टरही औषध लांबवतात. आणि कुणी डॉक्टर स्वतःहून "आता बास" म्हणत असतील, तर कारण जरूर विचारा, पण कारण पटत असेल तर हट्ट धरू नका.

वर्गासाठी उपक्रम

* आठवी-नववी: प्रोकॅल्सिटोनिनचा सर्वोच्च आकडा २४ धरा. रोज निम्मा होत गेला तर ८० टक्के घट कितव्या दिवशी दिसेल? आलेख काढा.
* दहावी: १०० मणी घ्या, ९५ पांढरे आणि ५ लाल. लाल म्हणजे प्रतिरोधी जिवाणू. औषधाच्या दर दिवशी निम्मे पांढरे मणी काढा आणि लाल मणी दुप्पट करा. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी लालचं प्रमाण किती? खऱ्या शरीरात आकडे वेगळे असतात, पण निवड कशी होते ते यातून दिसतं.
* चर्चा: "जास्त औषध म्हणजे जास्त उपचार" हे विधान बरोबर की चूक? दोन्ही बाजूंनी बोला. क्षयरोगाचं उदाहरण विसरू नका.

हा लेख माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, निर्णय त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच. पालकसभेत पाच मिनिटं मिळाली तर वरचे पाच प्रश्न तेवढे वाचून दाखवा. त्यांची गरज कुणाला, कधी पडेल सांगता येत नाही.